तुंबा आणि खुंटा

मंडळी, आधी एक सांगा. दोन दुकानदार आहेत. एक असा, की गिऱ्हाईक पायरी चढलं की 'हे मिळणार नाही, ते जमणार नाही' म्हणून तोंड वाकडं करतो. दुसरा जन्मात कुणाला नाही म्हणालेला नाही. जे मागाल ते 'घ्या की' म्हणून पुढे सरकवतो. विश्वास कुणावर टाकाल? उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

एका तळ्याच्या काठी पाखरांचं राज्य होतं. त्या राज्यात कुणी आपलं घर आपण बांधत नसे. काठावर वेळूचं बन होतं, बनात सुगरण पक्ष्यांचा कारखाना होता, आणि झाडून साऱ्यांची घरं तिथेच विणून मिळत. तळं मोठं लहरी. कधी पाणी चढे, कधी वारा सुटे, आणि दोहोंतलं आधी काय येईल हे कुणाला सांगता येत नसे. चढलेलं पाणी घर बुडवी, सुटलेला वारा घर ओढून नेई. त्या काठावरची बहुतेक भीती या दोन गोष्टींची होती आणि बहुतेक गप्पाही त्यांच्याच.

कारखान्याच्या दारात मागणी घ्यायला गुणाजी भारद्वाज बसे. भारद्वाज सकाळी नजरेस पडला की दिवस चांगला जातो, अशी तिथली पक्की समजूत होती. त्यामुळे ज्यांना घर नको, डागडुजी नको, अशीही पाखरं सकाळी वाट वाकडी करून गुणाजीच्या समोरून जात.

"गुणाजीकाका, जरा मान वर करा. धाकटा आज पहिल्यांदा उडायचाय."

गुणाजी मान वर करी, लाल डोळे मिचकावी, पिल्लाची आई समाधानाने पुढे जाई. आता ज्याचं तोंड पाहायला रांग लागते, त्याच्या तोंडून 'नाही' कसं निघावं? सवयच राहिली नव्हती.

पण नुसत्या शकुनावर त्याचं नाव झालं होतं असं नाही. कुणी शिकवलेलं नसताना त्याने मागणीची दोरी शोधून काढली होती. त्याआधी रोज भांडणं. गिऱ्हाईक म्हणे मी सांगितलं होतं, विणकर म्हणे तू सांगितलंच नव्हतंस. गुणाजीने एक दोरी घेतली आणि तिच्यावर चोचभर अंतराने जागा ठरवून दिल्या. पहिली जागा दुहेरी छपराची, दुसरी कापसाच्या अस्तराची, तिसरी चिखलाच्या गिलाव्याची, चौथी खुंट्याची. जे हवं त्या जागी गाठ मारायची, नको ती जागा कोरी सोडायची. दोरी विणकराकडे जाई, विणकर गाठी चाचपून घर विणी, आणि घर तयार झालं की तीच दोरी घराच्या दारात टांगली जाई. आल्यागेल्याने दोरीवरून चोच फिरवावी आणि घरात काय आहे ते ओळखावं. आत डोकावायची गरज नाही. सोयरिकीसुद्धा दोरीवर जमत. मुलीकडची मंडळी आधी दोरी चाचपत, मग नवरा बघत.

वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं. मग एका साली पाणी तीनदा चढलं. कारखान्याचा मुकादम तुळाजी सुगरण, त्याने डोकं चालवून एक युक्ती काढली. वाळलेले चार तुंबे, म्हणजे पोकळ कडू भोपळे, घराच्या तळाला बांधले की घर पाण्याबरोबर वर उचललं जातं आणि पाण्याबरोबर खाली येतं. काठावर एकच गडबड उडाली. ज्याला त्याला तुंबे हवे झाले. गुणाजीने दोरीच्या शेवटी पाचवी जागा काढून दिली, तुंब्यांची.

त्याच दिवशी तुळाजी त्याच्यासमोर येऊन बसला. तुळाजी बोलायला रोखठोक, पण गुणाजीला मान देऊन बोले.

"काका, पाचवी गाठ दिलीत ते ठीक. पण चौथी आणि पाचवी एकाच दोरीवर आली तर काय करू?"

"येतील कशाला?"

"येतील म्हणून विचारतोय. खुंटा घराला तळाशी जखडून ठेवतो. तुंबे त्याला वर नेतात. दोन्ही लावली आणि पाणी चढलं, तर तुंबे वर ओढणार, खुंटा खाली ओढणार, मधे घर. मी एक रिकामं घर तसं करून पाहिलं."

"मग?"

"मग काय. कच्चं विणल्यासारखं उसवलं. आत कुणी नव्हतं म्हणून बरं." तुळाजीने गवताची एक काडी उचलून मधे ठेवली. "दोन वेगळ्या जागा ठेवूच नका. एक जागा ठेवा. तिथे एक तर हे, नाही तर ते. घर कशाच्या भरवशावर राहणार, एवढा एकच प्रश्न विचारायचा."

गुणाजीला ते तिथल्या तिथे कळलं. पुढे जे झालं त्याबद्दल काठावर अनेकांनी 'बिचाऱ्याला समजलं नसेल' अशी मखलाशी केली, पण ती खोटी आहे. त्याला समजलं होतं. फक्त त्याच्या डोळ्यांपुढे शेकडो दारं आली, शेकडो दारांतल्या जुन्या दोऱ्या आल्या, दारोदार जाऊन नवी रीत समजावणं आलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दोन्ही मागणाऱ्याला 'दोन्ही मिळणार नाही' असं तोंडावर सांगणं आलं.

"पुढच्या हंगामात बघू," तो म्हणाला.

पुढचा हंगाम आला, तोही गेला.

दोन्ही गाठी मारणारे निघायचेच होते. विचारायची पद्धतच अशी होती. कापूस हवा? हवा. गिलावा हवा? हवा. खुंटा? हवा. तुंबे? ते तर हवेच. एका ढोकरीने पाचही गाठी मारल्या आणि शेवटी उरलेल्या टोकाला सहावी मारून म्हणाली, "पुढे काय निघेल ते असू दे." अशा दोऱ्या आल्या की तुळाजी त्या परत पाठवी. पहिल्या तिघांना गुणाजीने समजावून सांगितलं. तिघांतला एक खंड्या होता, जिभेचा तिखट. त्याने रांगेतल्या सगळ्यांच्या देखत म्हटलं, "सकाळी सकाळी तुमचं तोंड बघितलं आणि हे ऐकायला मिळालं. आजोबा म्हणायचे ते शकुनाचे भारद्वाज वेगळेच असावेत."

रांग हसली. गुणाजी पण हसला. आठ दिवस ते वाक्य त्याच्या कानात कुसळासारखं राहिलं. चौथी तशी दोरी आली तेव्हा तो ती घेऊन मागच्या अंगाला तुळाजीकडे गेला.

"यापुढे दोन्ही गाठी आल्या की तुंबे लाव. खुंटा सोडून दे."

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. खुंटा चिखलात असतो. कोण बघायला जातंय?"

"दारात दोरी कोणती टांगू?"

गुणाजी तळ्याकडे वळला. "त्यांनी दिलेली."

"काका, मी विणकर. दोरी तुमची," तुळाजी म्हणाला, आणि घर विणायला निघून गेला. त्या घरासाठी तासून ठेवलेला खुंटा त्याने कारखान्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला.

तिथून पुढे काठावर दोन्ही गाठींची घरं दिसू लागली. तक्रार एक नाही. रांगेत पुन्हा हसणं-खेळणं सुरू झालं. गुणाजीने मनातल्या मनात या प्रकाराला 'सोय' असं नाव दिलं, आणि नाव दिल्यावर ते त्याला बोचेनासं झालं.

अशात एकदा गोजराबाई पाणकोंबडी मागणीला आली. दोन वर्षांत तिची दोन घरं गेली होती, एक पाण्यात, एक वाऱ्यात. आता तिसऱ्यासाठी ती दोरी पायाखाली धरून बराच वेळ उभी होती.

"भाऊ, मला यातलं कळत नाही म्हणून विचारते," ती म्हणाली. "खुंटा आणि तुंबे दोन्ही एकत्र चालतात ना? एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही ना?"

इतकं सरळ आजवर कुणी विचारलं नव्हतं. मागे रांगेत आठ-दहा पाखरं होती.

"घ्या की, गोजराबाई," गुणाजी म्हणाला. "दोन्ही गाठी मारा आणि निर्धास्त झोपा."

तिने दोन्ही गाठी मारल्या. नीट ओढून, दोनदा.

घरभरणीला तिने गुणाजीला पहिल्या पंगतीला बसवलं, शकुनाचा म्हणून. त्याच दिवशी भिवा वटवट्या आपल्या बायकोला घेऊन घर बघायला आला होता. वटवट्याचं घर ते केवढं, दोन पानं एकमेकांना शिवली की झालं. एवढ्याशा घराला स्वतःचा खुंटा पेलत नाही, म्हणून अशी पाखरं खुंट्याचं मोठं घर बघून त्याच्या वळचणीला लोंबकळत. काठाची रीतच तशी होती. भिवाने दारातल्या दोरीवरून चोच फिरवली. "एक, दोन, तीन, आणि ही चौथी. आहे खुंटा. झालं तर मग." त्याची जीभ काही गप्प राहणारी नव्हती. पंगतीत गुणाजीशेजारी टेकून तो सुरूच झाला. "काका, तुमच्या दोरीचा आमच्यासारख्या चिमूटभर पाखरांना फार आधार बघा. आम्ही काय कुणाच्या घराखाली बुडी मारून बघणार आहोत? गाठ चाचपली, संसार टांगला. कुणाच्या चांगुलपणावर जगायचं नाही, गाठीवर जगायचं, असं मी हिला सांगतो. ही म्हणते तुम्ही फार बोलता."

गुणाजीच्या चोचीत गोगलगाय होती. ती त्याने खाली ठेवली. त्या घटकेला त्याने भिवाला नुसतं बाजूला घेतलं असतं तरी चाललं असतं. पंगत चालू होती, गोजराबाई वाढत होती, सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"सुखी राहा," तो म्हणाला.

महिना गेला. भिवाच्या बायकोने तीन अंडी घातली. तिसरं घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पश्चिमेकडून वारा सुटला. खुंट्याची घरं कुरकुरली, डावी-उजवीकडे झुकली आणि राहिली. नुसत्या तुंब्यांच्या घरातली पाखरं पहिल्या झुळकीलाच बाहेर पडून झाडांवर जाऊन बसली. खुंटा नाही हे त्यांना माहीत होतं. गोजराबाई मात्र घरातच होती. तिला खुंटा होता.

दोन्ही गाठींची बाकी घरं बनाच्या आडोशाला तगली; तिचं उघड्या टोकावरचं घर काठावरून सुटलं आणि तुंब्यांवर हलकं होऊन पाण्यावरून वेगाने निघालं. काठावर आरडाओरडा झाला. त्या गर्दीत एकट्या गुणाजीला नवल वाटलं नाही. घर पलीकडच्या काळ्या खडकावर आपटलं. गोजराबाई पाण्यात फेकली गेली म्हणून वाचली. वळचणीची दोन पानं फाटली. खडकावर तीन अंडी फुटली, एकाशेजारी एक.

संध्याकाळी वडीलधारी पाखरं बनात जमली. कुणी गुणाजीला बोल लावला नाही. दोरीवर चौथी गाठ होती, म्हणजे खुंटा होता. खुंटा असून घर सुटलं, म्हणजे निगा राखली नव्हती. दर पंधरवड्याला खुंट्याच्या जागी चिखल तुडवून घट्ट करायचा असतो, हे लहान पिल्लालाही ठाऊक होतं. सगळे गोजराबाईकडे बघू लागले.

"तुडवत होते मी," ती म्हणाली. मान खाली होती. "दर पंधरवड्याला तुडवत होते. कमी पडलं असेल. चूक माझीच आहे. भिवा, बाबा, मी तुझ्या पाया पडते."

भिवा काही बोलला नाही. वटवट्या गप्प बसलेला त्या काठावर कुणी पाहिला नव्हता.

एका म्हाताऱ्या करकोच्याने रीत म्हणून गुणाजीला विचारलं, "खुंटा दिला होता ना हो?"

"दोरीवर जे आहे ते सगळ्यांसमोर आहे," गुणाजी म्हणाला.

बोललेला शब्दन् शब्द खरा होता. तेवढ्यावर निवाडा झाला. गोजराबाईने काठ सोडून पलीकडच्या दलदलीत राहावं, तिच्या घराला कुणी घर टांगू नये.

गुणाजी घरी आला आणि अंधार पडण्याआधीच डोळे मिटून बसला. त्याच्या कुळावर एक जुना डाग होता. त्याचे पणजे-खापरपणजे दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी चोरून खात. आया त्यांना बघून पिल्लं पोटाखाली घेत. मग दोन पिढ्यांनी अंड्याला चोच लावली नाही, आणि हळूहळू त्याच तोंडाचा शकुन झाला. हे सगळं त्याला बापाने सांगितलं होतं, एकदाच, आणि सांगताना त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुणाजी मागणीला बसला तेव्हा समोर पाण्यात गोजराबाई बुड्या मारत होती. तिच्या घराची जागा होती तिथे. दलदलीत जायला तिला आठ दिवसांची मुदत होती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ती वर येई, चिखल झटके, दोन चोच सरके आणि पुन्हा खाली जाई. गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून खुसखुसत. "आता शोधून काय मिळणार म्हणावं," ढोकरी म्हणाली. गुणाजीने दोऱ्या घेतल्या, दोऱ्या दिल्या. पाचव्या दिवशी त्याला एकाही दोरीवरच्या गाठी मोजता येईनात. तो उठला, चालत काठावर गेला.

"काय शोधताय, गोजराबाई?"

"खुंटा." तिला धाप लागली होती. "कुठून मोडला ते बघायचंय. कुजका निघाला तर भिवाला दाखवीन. नाही तर निदान मी तुडवलं होतं ते तरी चिखलात दिसेल. एवढं त्याला कळलं ना, की जाईन मी दलदलीत."

"वर या."

"या अंगाची एक बुडी राहिलीय."

"तिथे खुंटा नाही."

"तेच म्हणते, वाहत गेला असेल कुठे तरी."

"नव्हताच," गुणाजी म्हणाला. "आम्ही लावलाच नव्हता."

ती पाण्यातच थांबली. चोचीवरून थेंब पडत होते.

"मग मी दर पंधरा दिवसांनी काय तुडवत होते?" तिने विचारलं.

गुणाजी दोन पावलं पाण्यात उतरला.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"सगळ्यांसमोर, सरळ विचारलं होतं."

"हो."

ती काठावर आली आणि पंख झटकले. "मला सांगून काय उपयोग? भिवाला सांगा," ती म्हणाली. "आणि मी बरोबर येणार नाही. तुम्हाला सोपं व्हायला नको."

भिवा एका करवंदीच्या जाळीत बायकोबरोबर बसला होता. गुणाजीने सांगितलं. आधी त्याने 'असं झालं की' अशी सुरुवात केली होती, ती मोडून त्याने 'मी केलं' अशी पुन्हा सुरुवात केली. भिवाची बायको उठून आत गेली. भिवाने ऐकून घेतलं. मग त्याने एकच गोष्ट विचारली.

"अजून किती घरं आहेत अशी?"

गुणाजीला आकडा माहीत नव्हता. आकडा आपल्याला माहीत नाही, याची लाज त्याला तोवर वाटलीच नव्हती. ती तिथे, त्या जाळीसमोर वाटली. दोघं कारखान्यात तुळाजीकडे गेले. तुळाजी त्यांना मागच्या अंगाला घेऊन गेला. भिंतीला टेकून, ओळीने, तासलेले खुंटे उभे होते. पहिल्या काहींना बुरशी आली होती, शेवटचे अजून पांढरे होते.

"टाकून द्यायला चोच होईना," तुळाजी म्हणाला. "प्रत्येक घरामागे एक ठेवत गेलो. गोजराबाईचा धरून एक्केचाळीस आहेत. तुम्ही कधी तरी या बाजूला याल असं वाटायचं."

"तू बोलला का नाहीस?" भिवा म्हणाला.

"मीही त्यांच्यातलाच," तुळाजी म्हणाला. "मला वेगळा काढू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून गुणाजी दारोदार फिरू लागला. प्रत्येक दारात मालकाला बाहेर बोलवायचं, 'तुमच्या घराला खुंटा नाही, मी लावू दिला नाही आणि तुम्हाला सांगितलं नाही' असं म्हणायचं, आणि त्याच्या समोर चौथी गाठ चोचीने सोडायची. घट्ट मारलेल्या गाठी होत्या. भीतीने मारलेली गाठ सैल नसते. पहिल्याच दिवशी चोचीचं टोक सोललं. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. एक सातभाई ओरडू लागली तर तिचे सहाही भाऊबंद ओरडू लागले. एकीने पिल्लाला आत ओढलं आणि म्हणाली, "सकाळच्या पारी यांच्याकडे बघू नको रे." त्यानंतर गुणाजी दुपारी फिरू लागला, उगाच कुणाची सकाळ बिघडायला नको म्हणून. खंड्याच्या घरावरून जाताना खंड्याने हाक मारली. त्याची दोरी तेव्हा परत गेली होती, त्यामुळे त्याच्या दारात चौथी-पाचवीपैकी एकच गाठ होती आणि ती खरी होती.

"तुम्ही मला नाही म्हणालात तेव्हा मी तुम्हाला चारचौघांत बोललो होतो," खंड्या म्हणाला. "पाणी घ्या थोडं," तो म्हणाला.

गोजराबाईवरचा निवाडा वडीलधाऱ्यांनी मागे घेतला, पण तो घाईघाईने, कुणी ऐकायला नसताना. तो सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावला तो गुणाजीनेच.

नंतर त्याने दोरी बदलली. चौथी जागा आणि पाचवी जागा दोन्ही काढून टाकल्या. त्यांच्या ऐवजी वेळूचं एक लहानसं कडं ओवलं. खुंटा हवा असेल तर त्या कड्यात लाकडाची ढलपी अडकवायची, तुंबे हवे असतील तर तुंब्याची बी. कडं असं तासलेलं होतं, की एक वस्तू बसली की दुसरीला जागा उरत नसे. रिकामं कडं विणकर चोचीत घेत नसत; ती दोरी तशीच मागे येई. पुढे केव्हा तरी उंच खांबांवरची घरं निघाली, तेव्हा नवी जागा काढावी लागली नाही. खांबाची एक साल तासली आणि त्याच कड्यात बसवली. त्या चाळीस दारांत, आणि मग राहिलेल्या शेकडो दारांत, कडी बसवायला दोन हंगाम लागले. जे काम त्याने एका हंगामासाठी पुढे ढकललं होतं, तेच ते.

गोजराबाई नव्या घराच्या मागणीला आली तेव्हा रांग बरीच मोठी होती. तिने एका बाजूला ढलपी ठेवली, दुसऱ्या बाजूला बी.

"दोन्ही नाही?"

"नाही," गुणाजी म्हणाला.

"कोणतं घेऊ?"

"ते मी सांगू शकत नाही. ढलपी घेतलीत तर पाणी आलं की घर खालीच राहणार. बी घेतलीत तर वारा आला की निघून जाणार."

ती विचार करत उभी राहिली. मागून ढोकरी करवादली, "आटपा हो बाई, आम्हाला पण घरं आहेत." गुणाजीने रांगेकडे पाहिलं नाही. तो थांबला. गोजराबाईने शेवटी बी बाजूला सारली आणि ढलपी कड्यात बसवली.

पुढच्या वर्षी भिवा पुन्हा तिच्या वळचणीला आला. त्याने कडं चाचपलं, मग म्हणाला, "रागावू नका, पण एकदा खाली जाऊन चिखलातला खुंटा हलवून दाखवा." ती खाली गेली, खुंटा हलवला, घर हललं. भिवाने बायकोकडे पाहिलं आणि मग त्यांनी पानं शिवायला घेतली.

त्या साली वारा आला नाही, पाणी आलं. पहिल्या दिवशी पाणी बोटभर चढलं तेव्हाच गोजराबाई आणि भिवाचं कुटुंब पिल्लांसह उंच उंबरावर जाऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी तुंब्यांची घरं वर उचलली गेली आणि काठाला धरून तरंगू लागली. गोजराबाईचं घर जागचं हललं नाही. पाणी उंबऱ्याशी आलं, छपराशी आलं, छपरावरून गेलं. पाणी तेव्हा निवळ होतं, त्यामुळे फांदीवरून सगळं दिसत होतं: तळाशी घर, घराचं दार, दारातलं कडं, आणि कड्यात ताठ बसलेली ढलपी. पिल्लं एकेक करून खाली वाकून बघत होती. गोजराबाईच्या घरात तेव्हा कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं.

त्यानंतर काठ गुणाजीवरचा राग हळूहळू विसरू लागला, जसे काठ विसरतात. सकाळी एखादी आई पुन्हा पिल्लाला घेऊन त्याच्या समोरून जाऊ लागली. झाल्या गोष्टीचीही चव बदलत गेली. कुणी सांगे, अंडी दोन होती. कुणी सांगे, एकच होतं आणि तेही नासकं असावं. गुणाजीच्या कानावर असं काही आलं, की तो चोचीतली दोरी खाली ठेवी आणि मान वर न करता म्हणे, "तीन."

तर मंडळी, तुम्हीही ही गोष्ट पुढे कुणाला तरी सांगाल. तळं मोठं करा, वारा जोराचा करा, भिवाच्या तोंडी हवं तितकं घाला, तो काही हरकत घेणार नाही. माझी एवढीच विनंती, की अंड्यांचा हिशेब तेवढा चोख ठेवा.